मेंदूतला सोमल: मँचेस्टर, ओकायामा आणि ‘बरं झालं’ म्हणण्याची घाई

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाला विषाशी काय करायचंय? प्रश्न रास्त आहे. मी वैद्यक शिकलेलो नाही. माझी हयात ‘एखादी गोष्ट आपल्याला माहीत आहे असं आपण केव्हा म्हणू शकतो’ हा प्रश्न वर्गात चघळण्यात गेली. या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर परीक्षेत दोन-चार गुण जातात, एवढंच माझ्या विद्यार्थ्यांना वाटायचं. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. जपानमधल्या एका दुधाच्या पुडीचा इतिहास वाचनात आला आणि लक्षात आलं, की हे उत्तर चुकलं तर हजारो माणसांचं अख्खं आयुष्य त्या चुकीखाली दडपलं जाऊ शकतं. ती हकिकत आज सांगायची आहे. पण तिथे पोचण्याआधी दोन थांबे घ्यावे लागतील.

सुरुवात आपल्या घरातल्या शब्दांपासून करू. आर्सेनिक हा शब्द परका वाटतो, पण वस्तू आपल्या ओळखीची आहे. पांढरा आर्सेनिक म्हणजे सोमल. जुन्या लोकांच्या बोलण्यात ‘सोमल घालून मारलं’ असं यायचं, तोच हा. तांबडी मनशीळ आणि पिवळा हरताळ ही दोन्ही खनिजं म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांची संयुगं. यातला हरताळ पोथ्या लिहिणाऱ्यांच्या फार उपयोगाचा. लिहिताना अक्षर चुकलं, तर त्यावर हरताळ फासायचा. तो वाळला की खालचं अक्षर दिसेनासं होतं आणि वर नवं लिहिता येतं. ‘नियमांना हरताळ फासला’ असं आपण म्हणतो, तो वाक्प्रचार इथला. संपाचा हरताळ वेगळा, त्याचा याच्याशी संबंध नाही. हे चित्र मनात ठेवा. खालचं अक्षर गेलेलं नसतं, फक्त झाकलेलं असतं. पुढे याची गरज पडणार आहे.

तर पहिला थांबा इंग्लंडमधलं मँचेस्टर. साल १९००. उन्हाळा-हिवाळ्याच्या दरम्यान शहरातल्या गरिबांच्या इस्पितळांत एका विशिष्ट प्रकारचे रुग्ण वाढू लागले. हातापायांना मुंग्या, तळव्यांची आग, मग पायातली ताकद जाणं, चालता न येणं. डॉक्टरांना निदान करायला एक क्षणही लागला नाही. दारूनं नसा खराब झाल्या, बस्स. रुग्ण कामगार वर्गातले, बिअर पिणारे. निदान आणि नैतिक निवाडा दोन्ही एकाच वाक्यात उरकले.

अर्नेस्ट रेनॉल्ड्स नावाच्या एका डॉक्टरला मात्र एक गोष्ट खटकली. दारूनं नसा जात असतील, तर कडक दारू पिणाऱ्यांच्या आधी जायला हव्यात. इथे त्या जात होत्या बिअर पिणाऱ्यांच्या. शिवाय या लोकांच्या कातडीवर काळपट डाग पडत होते आणि त्याच काळात नागीण झालेले रुग्णही नेहमीपेक्षा जास्त दिसत होते. दारूनं असं होत नाही. आर्सेनिकनं होतं. त्यांनी बिअर तपासली आणि तीत आर्सेनिक सापडलं. माग काढत गेल्यावर साखळी उलगडली. बिअरमध्ये वापरायची साखर तयार करताना गंधकाम्ल लागतं. ते ज्या खनिजापासून बनवलं होतं, त्यात आर्सेनिक होतं. म्हणजे खाणीतला दगड, त्यापासून आम्ल, आम्लापासून साखर, साखरेपासून बिअर, आणि बिअरमधून कामगाराच्या नसा. सहा हजारांहून अधिक लोक आजारी पडले, सुमारे सत्तर मेले. सरकारनं चौकशीसाठी एक शाही आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष होते लॉर्ड केल्विन, तेच प्रसिद्ध पदार्थवैज्ञानिक. अन्नात किती आर्सेनिक चालेल याची मर्यादा आखण्याचा विचार तिथून पक्का झाला.

या घटनेतली एकच गोष्ट मला तुमच्या हातात द्यायची आहे. मोडलेलं हाड मोडलेलं दिसतं. नसांची आणि मेंदूची इजा दिसत नाही, दिसतं ते माणसाचं वागणं. पाय लटपटतात, विसरायला होतं, बोलणं तुटक होतं. आणि वागण्यासाठी आपण माणसालाच जबाबदार धरतो. म्हणून ही इजा विषाच्या खात्यावर न पडता त्या माणसाच्याच खात्यावर जमा होते. मँचेस्टरच्या कामगाराला ‘दारुडा’ म्हणून मोकळं होता आलं. रेनॉल्ड्सना शंका आली नसती, तर तो दारुडा म्हणूनच मेला असता आणि आकडेवारीतही तसाच नोंदला गेला असता.

आता दुसरा थांबा. आर्सेनिक मेंदूच्या पेशीत जाऊन नेमकं करतं तरी काय? हे उलगडलं ते एका वेगळ्याच रस्त्यानं, कबुतरांमुळे. ऑक्सफर्डला रुडॉल्फ पीटर्स नावाचे जीवरसायनशास्त्रज्ञ होते. १९३०च्या आसपास ते ब-१ जीवनसत्त्वाचा, म्हणजे थायमिनचा अभ्यास करत होते. कबुतरांना फक्त सडलेला पांढराशुभ्र तांदूळ खायला घातला, की काही दिवसांनी त्यांची मान मागे वळते, झटके येतात, पक्षी मरणाच्या दारात जातो. त्याला थायमिन दिलं, की थोड्याच वेळात तो उठून उभा राहतो. पीटर्सना प्रश्न पडला. मेंदू इतका बिघडला असेल, तर इतक्या लवकर दुरुस्त कसा होतो? आणि सूक्ष्मदर्शकाखाली तर पेशींची रचना जवळपास धडधाकट दिसते!

त्यांनी उत्तर दिलं, की बिघाड रचनेत नसून रसायनात आहे. साखर जाळून शक्ती मिळवायची पेशीतली जी साखळी असते, तिची एक कडी अडलेली आहे. त्या जागी पायरुव्हेट नावाचा पदार्थ साचतो आणि पुढे सरकत नाही. या प्रकाराला त्यांनी ‘जैवरासायनिक इजा’ असं नाव दिलं. डोळ्याला दिसणारी मोडतोड होण्याआधीची इजा. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीनं ही कल्पना मला फार मोलाची वाटते. ‘दिसत नाही म्हणजे नाही’ या आपल्या सवयीला तिनं प्रयोगशाळेतच उत्तर दिलं.

मग दुसरं महायुद्ध आलं. ल्युइसाइट नावाचा आर्सेनिकयुक्त युद्धवायू शत्रू वापरेल अशी ब्रिटिशांना भीती होती. पीटर्स आणि त्यांचे सहकारी त्यावर उतारा शोधू लागले. त्यांना दिसलं, की आर्सेनिक पेशीत तीच कडी अडवतं. थायमिनच्या अभावी जी साखळी थांबत होती, तीच आर्सेनिकनंही थांबते. कारण असं, की आर्सेनिकला गंधकाची भारी ओढ. हरताळ आणि मनशीळ ही त्याच ओढीची फळं. शक्ती निर्माण करणाऱ्या त्या विकरात गंधकाचे दोन अणू शेजारी-शेजारी असतात. आर्सेनिक जाऊन त्या दोघांना घट्ट धरून बसतं, आणि काम थांबतं. १९४०मध्ये स्टॉकन आणि थॉम्पसन या सहकाऱ्यांनी एक युक्ती केली. आर्सेनिकला पेशीतल्या गंधकापेक्षा जास्त आवडेल असा, दोन गंधक-अणू असलेला एक रेणू त्यांनी तयार केला. त्याला धरून आर्सेनिक लघवीवाटे बाहेर पडतं. त्याचं नाव ब्रिटिश अँटी-ल्युइसाइट. आद्याक्षरं घेतली तर होतं ‘बाल’. आपल्या भाषेत या शब्दाचा जो अर्थ होतो, तो योगायोगच. पण पुढची हकिकत बाळांचीच आहे.

मेंदूलाच याचा एवढा फटका का, तेही सांगतो. मोठ्या माणसाचा मेंदू शरीराच्या वजनाच्या दोन टक्के असतो, पण शक्तीचा सुमारे पाचवा हिस्सा एकटा खातो. बाळाच्या मेंदूचा हिस्सा तर याच्या दुपटीहूनही जास्त असतो. जन्मतः साडेतीनशे-चारशे ग्रॅमचा मेंदू पहिल्या वर्षात दुपटीपेक्षा मोठा होतो. पेशींमधली जोडणी याच काळात होत असते. शक्तीची साखळी अडली, की पेशीत घातक ऑक्सिजन-रेणू साचू लागतात, आणि त्यांना आवरणारा ग्लुटाथायोन नावाचा पदार्थही गंधकवालाच, म्हणून आर्सेनिक त्यालाही गुंतवून टाकतं. मोठ्या माणसात हे झालं तर बांधलेल्या घराची वीज गेल्यासारखं आहे. बाळात झालं तर गवंडी कामावर असतानाच सामान संपल्यासारखं. वीज परत येते. पण त्या दिवसांत जी भिंत उभी राहायची होती, ती राहून जाते. आणि मुख्य म्हणजे त्या दिवशी कुणाला काही कमी दिसतही नाही. भिंत नाही हे कळतं घर वापरायला काढल्यावर. मूल बोलायला लागतं, शाळेत जातं, गणित करतं, तेव्हा.

आता जपान. १९५५चा उन्हाळा. देशाच्या पश्चिम भागात, विशेषतः ओकायामाच्या परिसरात, तान्ही मुलं आजारी पडू लागली. ताप, जुलाब, पोट फुगणं, यकृत वाढणं, रक्त कमी होणं, आणि कातडी काळवंडणं. सुरुवातीला वेगवेगळी निदानं झाली. मग ओकायामा विद्यापीठाच्या इस्पितळातल्या डॉक्टरांच्या ध्यानात आलं, की ही मुलं आईच्या दुधावरची नाहीत, वरच्या दुधावरची आहेत, आणि बहुतेकांच्या घरी एकाच कंपनीची दुधाची पूड आहे. मोरिनागा. ऑगस्टच्या अखेरीस त्या पुडीत आर्सेनिक सापडल्याचं जाहीर झालं.

युद्धानंतर सावरणाऱ्या जपानमध्ये दुधाची पूड हे प्रगतीचं चिन्ह मानलं जात होतं. बाळाला ती देणारी आई हौसेनं, पदरमोड करून देत होती. पूड पाण्यात नीट विरघळावी म्हणून कंपनीच्या तोकुशिमा इथल्या कारखान्यात दुधात सोडियमचं एक फॉस्फेट मिसळत. ते औषधी दर्जाचं न घेता कारखानी दर्जाचं घेतलं गेलं. त्यातली काही खेप मुळात ॲल्युमिनियमच्या कारखान्यातून निघालेल्या टाकाऊ मालापासून बनलेली होती, आणि तिच्यात आर्सेनिक होतं. मँचेस्टरची साखळी आठवा. पंचावन्न वर्षांनी तीच साखळी, फक्त शेवटी बिअरच्या ग्लासाऐवजी दुधाची बाटली.

एक तपशील माझ्या मनातून जात नाही. याच मूळ मालातलं फॉस्फेट आधी जपानच्या सरकारी रेल्वेकडे गेलं होतं, इंजिनांचे बॉयलर साफ करायला. रेल्वेनं माल तपासला, आर्सेनिक निघालं, माल परत केला. म्हणजे वाफेच्या इंजिनाच्या पोटात घालण्याआधी तपासणी झाली. बाळाच्या पोटात घालण्याआधी झाली नाही. का? तर नेहमीच्या पुरवठादाराकडून, नेहमीच्या नावानं आला म्हणून. नाव तेच असलं की वस्तू तीच असते, हा समज.

या पुडीपासून केलेल्या दुधात लिटरमागे काही मिलिग्रॅम आर्सेनिक होतं. आज पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं सुचवलेली मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे शेकडो पट. बारा हजारांहून अधिक बाळं आजारी पडल्याची नोंद झाली, सुमारे १३० दगावली. वाचलेल्यांना दूध बंद केलं, ‘बाल’ दिलं. जुलाब थांबले, यकृत आकसलं, काळवंडलेली कातडी उजळली.

आणि इथे आपल्या विषयाचा मुख्य प्रसंग येतो. त्याच वर्षी तज्ज्ञांच्या समित्या नेमल्या गेल्या. बरं होणं म्हणजे काय याचे निकष ठरले. आणि अभिप्राय दिला गेला, की पुढे मागे राहणाऱ्या परिणामांची जवळपास काळजी नको. नुकसानभरपाईही ठरली, मृत बाळामागे अडीच लाख येन, आजारी पडलेल्यामागे दहा हजार. १९५६मध्ये पुन्हा तपासणी झाली आणि जवळपास सगळी मुलं बरी झाल्याचं जाहीर झालं. वही मिटली.

या समित्यांतले लोक सगळे लबाड होते, असं समजणं सोपं आहे. पण मग त्यातून शिकण्यासारखं काही उरत नाही. त्यांची तर्काची चूक बघा. त्यांनी तपासलं काय? कातडी, यकृत, रक्त. तिथे आजार होता आणि तो गेला. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला मेंदूबद्दल, ज्याची परीक्षा वर्षा-दीड वर्षाच्या मुलात घेताच येत नाही. जे मूल अजून वाक्य बोलायच्या वयाचं नाही, त्याला वाक्य बोलण्यात अडचण आहे की नाही हे कोण सांगणार? ‘इजा आढळली नाही’ हे वाक्य खरं होतं. ‘इजा नाही’ हे वाक्य त्यातून निघत नव्हतं. पहिल्या वाक्याच्या अंगावर दुसऱ्या वाक्याचे कपडे चढवले गेले. आणि एकदा सरकारी कागदावर ‘बरं झालं’ असं उमटलं, की पुढे त्या मुलात जे काही कमी दिसेल, त्याला दुसरं कारण शोधावं लागतं. जन्मतःच तसं असेल. घराण्यात असेल. आईनं लक्ष दिलं नसेल. पोथीतल्या अक्षरावर हरताळ फासला गेला, तो असा.

पालकांनी संघटना केली होती, ती १९५६मध्ये विसर्जित झाली. पण ओकायामातले काही पालक मागे हटले नाहीत. तेत्सुओ ओकाझाकी हे त्यांच्यातले एक पुढारी, त्यांची स्वतःची मुलगी या दुधावर वाढलेली. हे लोक वर्षानुवर्षं भेटत राहिले, मुलांच्या तक्रारी टिपून ठेवत राहिले. त्यांच्याकडे लक्ष द्यायला कुणी नव्हतं. सरकारी उत्तर तयारच होतं, की मुलं बरी झाली आहेत. न्यायालयातही १९६३मध्ये कारखान्याचे अधिकारी निर्दोष सुटले, पुढे वरच्या न्यायालयानं तो निकाल फिरवला.

वही उघडली ती चौदा वर्षांनी, आणि ती उघडणारे मेंदूचे शास्त्रज्ञ नव्हते. ओसाका भागातल्या शाळांमधल्या आरोग्यशिक्षिका आणि आरोग्यसेविका यांना अपंग मुलांबरोबर काम करताना काही घरांत एकच वाक्य पुन्हा ऐकू आलं, की हा लहानपणी ते दूध प्यायला होता. ओसाका विद्यापीठात हिरोशी मारुयामा हे सार्वजनिक आरोग्याचे प्राध्यापक होते. त्यांनी या बायकांना आणि काही विद्यार्थ्यांना बरोबर घेतलं. योजना अगदी साधी होती. त्या बाळांच्या घरी जायचं, बसायचं, आणि आईला विचारायचं, की या चौदा वर्षांत काय काय झालं? अशा ६८ मुलांची माहिती त्यांनी गोळा केली. १९६९च्या ऑक्टोबरात हा अहवाल बाहेर आला, ‘चौदाव्या वर्षीची भेट’ या नावानं. बहुतेक मुलांत काही ना काही होतं. कुणाला फिट्स, कुणाची बुद्धीची वाढ खुंटलेली, कुणाला ऐकू कमी, कुणी सतत आजारी, कुणी शाळेत मागे.

देशभर खळबळ झाली. आक्षेपही आले. ६८ ही संख्या लहान. ज्यांनी ते दूध घेतलंच नाही अशा मुलांशी तुलना नाही. आईची आठवण म्हणजे पुरावा का? हे आक्षेप पोकळ नव्हते, मी वर्गात शिकवताना हेच आक्षेप घ्यायला शिकवलं असतं. आणि खरोखरच, फिट्स येणारं एखादं मूल समोर ठेवून ‘हे दुधामुळेच’ असं छातीठोक म्हणता येत नाही. फिट्स इतर कारणांनीही येतात. पण थोडं थांबून बघा. १९५६च्या ‘बरं झालं’ या निष्कर्षाला तरी तुलना होती का? त्यानं तरी मुलं मोठी होईपर्यंत वाट पाहिली होती का? एका बाजूचा दावा पुराव्याशिवाय चौदा वर्षं चालला. दुसऱ्या बाजूनं तोंड उघडताच तिच्याकडे काटेकोर पुरावा मागितला गेला. पुराव्याचं ओझं कुणाच्या डोक्यावर ठेवायचं, हे विज्ञान ठरवत नाही. ते माणसं ठरवतात, आणि बहुतेक वेळा न विचारता ठरवून टाकतात. पुढे तुलनेचे गट घेऊनही पाहण्या झाल्या आणि त्यांतही दुधाच्या पुडीवर वाढलेली मुलं मागे पडलेली दिसली. मारुयामांचं काम शेवटचा शब्द नव्हतं. पण प्रश्न जिवंत ठेवण्याचं काम त्यानं केलं.

या खटल्यात पालकांच्या बाजूनं कोहेई नाकाबो नावाचे वकील उभे राहिले. पुढे ते जपानच्या वकील संघाचे अध्यक्ष झाले. आधी ते घरोघरी जाऊन आयांना भेटले. त्यांना वाटलं होतं, आया कंपनीला शिव्याशाप देतील. आया स्वतःला दोष देत होत्या. बाळ दूध नको म्हणून तोंड फिरवत होतं आणि मीच या हातांनी त्याला पाजलं, माझ्या अंगावर दूध असतं तर हे झालं नसतं, असं त्या सांगत. नाकाबोंनी एका मुलाची हकिकत सांगून ठेवली आहे. तो लहान वयातच गेला आणि आयुष्यभरात त्याला तीनच शब्द बोलता आले. ‘आई’, ‘मंमं’, आणि ‘मूर्ख’. पहिले दोन आईनं शिकवलेले. तिसरा त्याला कुणी शिकवला असेल? लोक त्याला ज्या नावानं हाक मारत होते, ते त्यानं उचललं होतं.

मँचेस्टरच्या कामगाराची इजा त्याच्याच खात्यावर जमा झाली, असं मी मघाशी म्हणालो. इथे ती मुलाच्या खात्यावर ‘मूर्ख’ म्हणून आणि आईच्या खात्यावर अपराध म्हणून जमा झाली. खरं खातं मात्र कोरं राहिलं होतं.

१९७३ साली ते कोरं खातं उघडलं गेलं. नोव्हेंबरात तोकुशिमाच्या न्यायालयानं कारखान्याच्या तत्कालीन उत्पादन विभागप्रमुखाला तीन वर्षांची शिक्षा दिली. डिसेंबरात पालकांची संघटना, आरोग्य मंत्रालय आणि कंपनी यांच्यात करार झाला. कंपनीनं जबाबदारी मान्य केली आणि या मुलांच्या आयुष्यभराच्या मदतीचा खर्च उचलायचं कबूल केलं. त्यासाठी १९७४मध्ये ‘हिकारी’ ही संस्था स्थापन झाली. हिकारी म्हणजे प्रकाश. ती आजही काम करते. एकरकमी पैसे देऊन हात झटकण्यापेक्षा माणूस म्हातारा होईपर्यंत विचारपूस करत राहायची, ही या करारातली कल्पना मला महत्त्वाची वाटते. ज्या इजेचा हिशोब एका दिवशी पुरा होत नाही, तिची भरपाई एका दिवशी कशी पुरी होईल?

विज्ञानाला मात्र आणखी वेळ लागला. हे सगळे अहवाल जपानी भाषेत होते, त्यामुळे बाहेरच्या जगाला त्यांची फारशी दखलच नव्हती. २००६मध्ये मिवाको दाकेइशी, कात्सुयुकी मुराता आणि डेन्मार्कचे फिलिप ग्रँजाँ यांनी ते एकत्र वाचून इंग्रजीत मांडले. त्याच वर्षी ग्रँजाँ आणि फिलिप लँड्रिगन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये वाढत्या मेंदूला इजा करतात हे नक्की म्हणता येईल अशा औद्योगिक रसायनांची यादी दिली. यादीत पाच नावं होती. त्यातलं एक आर्सेनिक. म्हणजे १९५५ ते २००६, एक्कावन्न वर्षं.

आता शेवटी घराजवळ येतो, कारण हा विषय जपानमध्ये संपलेला नाही. बंगालच्या दोन्ही बाजूंना, पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात, सत्तर-ऐंशीच्या दशकांत लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. हेतू चांगला होता. तळ्याचं पाणी पिऊन मुलं जुलाबानं मरत होती. पण जमिनीतल्या पाण्यात नैसर्गिक आर्सेनिक होतं. १९८३मध्ये कलकत्त्यात डॉ. के. सी. साहा यांनी खेड्यांतून आलेल्या रुग्णांच्या कातडीवरून ते ओळखलं. पुढे जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती गावोगाव पाणी तपासत फिरले. त्यांच्याच पाहण्यांतून छत्तीसगडमधला अंबागड चौकीचा भागही पुढे आला. आपल्या गडचिरोलीपासून तो फार लांब नाही.

इथेही आधी मोजली गेली ती कातडी. डाग, चट्टे, मग कर्करोग. मेंदूचा प्रश्न नंतर आला. २००४मध्ये बांगलादेशातल्या आराईहाजार भागातल्या दहा वर्षांच्या २०१ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या घरच्या पाण्यात आर्सेनिक जास्त, त्यांचे बुद्धिमत्ता चाचणीतले गुण कमी. आईचं शिक्षण, घरची परिस्थिती वगैरे हिशोबात घेऊनही फरक राहिला. या मुलांच्या अंगावर काही दिसत नव्हतं. ती वर्गात मागच्या बाकावर बसत असतील, एवढंच. अशा मुलाबद्दल मास्तर काय म्हणतो? ‘डोकं नाही.’ गरिबी, कुपोषण, घरात कुणी शिकलेलं नाही, अशी कारणं हाताशी असतातच, आणि ती खोटीही नसतात. म्हणून तर पाण्याकडे लक्ष जात नाही. मीसुद्धा इतकी वर्षं शिकवलं. किती मुलांना मनातल्या मनात ‘डोकं नाही’ म्हटलं असेल, आणि त्यांच्या गावच्या पाण्यात काय आहे हे कधी विचारलं नाही. आज याचं वाईट वाटतं.

तेव्हा या इतिहासातून मी माझ्यापुरतं काय घेतलं, ते सांगून थांबतो. पहिलं, इजा दिसायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ ‘इजा नाही’ म्हणण्याचा हक्क कुणाला नाही. मेंदूच्या बाबतीत हा वेळ वर्षांत मोजावा लागतो. दुसरं, ज्या माणसात बिघाड दिसतो, त्याच्याच माथी तो मारण्याआधी त्याच्या बाटलीत, विहिरीत, कारखान्यात काय होतं ते बघावं. रेनॉल्ड्सनी बिअर तपासली. मारुयामांच्या शिक्षिका घरी जाऊन बसल्या. दोघांकडेही मोठी यंत्रं नव्हती. ठरून गेलेलं उत्तर पुन्हा विचारायची तयारी होती. आणि तिसरं, घरातल्या बाईला जे माहीत असतं ते ज्ञान आहे. ते अपुरं असेल, तपासून घ्यावं लागेल, पण ते कागदावर नाही म्हणून ते नाहीच, असं धरून चालू नये.

मोरिनागाची ती बाळं आज सत्तरीत आहेत, म्हणजे माझ्याच पिढीची. १९५५च्या उन्हाळ्यात मीही बाटलीच्या वयाचा होतो. माझ्या बाटलीत काय होतं हे मी कधी विचारलं नाही, विचारायची गरज पडली नाही. ज्यांना पडली, त्यांच्या प्रश्नावर फासलेला हरताळ खरवडून काढायला चौदा वर्षं लागली. अक्षर खाली शाबूत होतं. कुणीतरी नखानं खरवडायला हवं होतं.